कच्चा नमुना (दूरस्थ कलानुभवासाठी)

कच्चा नमुना : ज्याला कलाकृतीच्या जागी जाता येत नाही किंवा जाऊनही ती पाहता-ऐकता येत नाही, त्याच्यापर्यंत ती पोहोचवण्याच्या कल्पनेची पहिली, कामचलाऊ आवृत्ती. ती गटाने मिळून दोन-चार तासांत, हाताशी असेल त्या सामानातून उभी करायची आणि ज्याच्यासाठी केली त्याच्याच हाती देऊन तपासायची असते. शिंपी महागाच्या कापडाला कात्री लावण्याआधी कागद कापून पाहतो, तसलाच हा प्रकार. ‘प्रोटोटाइप’ हा शब्दही सर्रास वापरला जातो.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, ‘दूर’ या शब्दाला बरेच अर्थ आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यावर मोबाइलची रेंज शोधायला टेकडी चढावी लागते. कामधंद्यासाठी सुरतेला गेलेली हजारो कुटुंबे श्रावणात कानबाई या देवीच्या उत्सवाला गावी येतात, पण सगळ्यांनाच सुट्टी मिळते असे नाही. आणि एखादी अंध व्यक्ती चित्रासमोर हातभर अंतरावर उभी असली तरी चित्रापासून दूरच असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 29 मध्ये कला दिव्यांगांसाठी सुगम्य करणे हे शासनाचे कर्तव्य म्हणून नोंदलेले आहे. ते कसे करायचे, हे मात्र कलमातून नव्हे, करून पाहूनच कळते.

कला घरपोच करण्याची धडपड या मुलखाला नवी नाही. अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असली, तरी आगगाडीने येणारा प्रवासी जळगावलाच उतरतो आणि पुढे सुमारे 60 किलोमीटर रस्त्याने जातो. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला नेमले. त्याने वर्षानुवर्षे खपून रंगवलेले मोठमोठे कॅनव्हास लंडनला गेले आणि त्यांतले बहुतेक 1866 च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाले. त्याने 1860 च्या दशकात लेण्यांची जोडछायाचित्रेही काढली होती. दोन भिंगांच्या खास उपकरणातून (स्टिरिओस्कोप) पाहिली की ती घरबसल्या सपाट न दिसता त्रिमितीय दिसत. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळात आहे. चाळीसगावचे केकी मूस (1912–1989) यांची गोष्ट उलट दिशेची. जवळपास अर्धशतक ते स्वतःच्या बंगल्याबाहेर फारसे पडले नाहीत, पण त्यांची छायाचित्रे जगभर फिरली. या दोघांच्या कामात एक गोष्ट नव्हती : पाहणाऱ्याला अर्ध्यात थांबवून ‘हे कळतंय का?’ असे विचारण्याची सोय. कच्चा नमुना त्याच प्रश्नासाठी असतो.

गट चार-पाच जणांचा पुरतो. कलाकार किंवा कलेची जाणकार व्यक्ती, तंत्र सांभाळणारा एक, स्थानिक बोली बोलणारा एक, आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे तो स्वतः. हा शेवटचा माणूस पहिल्या बैठकीपासून हवा. शेवटी बोलावून ‘कसं वाटलं?’ विचारले तर तो ‘छान आहे’ म्हणतो, चहा घेतो आणि जातो.

चित्राचे ध्वनिवर्णन हा सर्वांत स्वस्त नमुना; दोन फोन असले की झाले. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी घ्या. कलेचा विद्यार्थी साधारण असे सुरू करतो : ‘त्रिभंग अवस्थेतील, उजव्या हाती नीलकमल धारण केलेला बोधिसत्त्व.’ जन्मांध श्रोता तिथेच अडवतो. त्रिभंग म्हणजे काय? उजवा हात कुणाचा, त्याचा की बघणाऱ्याचा? किती मोठा आहे तो, माझ्याएवढा? दुसऱ्या खेपेला वाक्ये बदलतात : ‘उभे राहा. एका पायावर भार द्या, कंबर त्या बाजूला जाऊ द्या, मान दुसऱ्या बाजूला कलू द्या. तो असा उभा आहे. डोक्यावर उंच मुकुट, नजर खाली. त्याच्या उजव्या हातात, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे, निळे कमळ.’ श्रोता खुर्चीतून उठून तसा उभा राहिला, की वर्णन साधले असे समजावे. नमुना तपासण्याची दुसरी युक्ती म्हणजे डोळस माणसाला नुसते वर्णन ऐकवून चित्र काढायला लावणे. काय सांगायचे राहिले ते कागदावर लगेच दिसते.

स्पर्शचित्रासाठी पुठ्ठा, डिंक, सुतळी आणि दादरीचे, म्हणजे ज्वारीचे, दाणे पुरतात. इथली नेहमीची चूक म्हणजे सगळेच दाखवण्याचा मोह. बोट एका वेळी बोटाएवढेच वाचते, त्यामुळे एकमेकांत गुंतलेल्या आकृत्या हाताला नुसता गुंता वाटतात. दागिने काढून टाका, मागची माणसे काढून टाका, रेषांत मोकळी जागा सोडा. मग चेहरा लागतो.

आवाजाच्या बाबतीतही असेच होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीतला मोठा ढोल साध्या फोन कॉलवर ऐकवून पाहिला, तर पलीकडे नुसती टकटक पोहोचते. कारण सरळ आहे : टेलिफोनची जुनी वाहिनी साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच पट्टा नेते आणि ढोलाचा घुमारा त्याच्या खाली राहतो. तोच तुकडा ध्वनिमुद्रित करून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि इअरफोन लावून ऐकला तर फरक पडतो. पाच मिनिटांत आणि फुकटात झालेली ही तपासणी फोन-आधारित सेवा उभारण्याचा खर्च वाचवते किंवा निदान वेगळ्या वाटेने नेते.

अशी सेवा उभारायचीच असेल, तर आधी तिचे सोंग करावे. ‘गाण्यासाठी एक दाबा, गोष्टीसाठी दोन दाबा’ हे यंत्राऐवजी पलीकडे बसलेल्या माणसानेच बोलायचे आणि ऐकणारा कुठे गोंधळतो ते लिहून काढायचे. म्हातारी माणसे बहुधा आकडा दाबत नाहीत, यंत्राशी गप्पा मारू लागतात. हे कळायला एक ओळही प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. आधी ॲप आणि मग माणूस, हा उलटा क्रम अजून बराच रूढ आहे, एवढे इथे नोंदवलेले बरे.

बोलीची अडचण मोठी आहे. प्रमाण मराठीवर तयार झालेली स्वयंचलित उपशीर्षके अहिराणीत अडखळतात. ‘मनी माय’ म्हणजे ‘माझी आई’. प्रमाण मराठीच्या कानाला त्यातला पहिला शब्द मनातला वाटतो, नाहीतर मांजर. बहिरा प्रेक्षक उपशीर्षकांवरच अवलंबून असतो, म्हणजे त्याच्यासाठी गाण्याचा अर्थच बदलला. शिवाय खानदेशची बोली म्हणजे एकटी अहिराणी नव्हे. बहिणाबाई चौधरींच्या (1880–1951) ओव्या लेवा गणबोलीतल्या, सातपुड्यात भिली आणि पावरी. म्हणून उपशीर्षकांचा नमुना हाताने लिहून त्या-त्या बोलीच्या माणसाकडून वाचून घ्यावा लागतो. सांकेतिक भाषेतला अर्थ वेगळाच तपासावा लागतो, कारण जन्मापासून बहिऱ्या असलेल्या अनेकांना लिखित मराठी ही दुसरी भाषा असते.

काही गोष्टी पोहोचवायच्या की नाहीत, हेही नमुन्यातच ठरते. कानबाईची स्थापना, नारळाला केलेला साज, रात्रभरची गाणी हे सुरतेतल्या लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवता येते आणि घरोघर दाखवलेही जाते. रोटांचा प्रसाद मात्र परंपरेने भाऊबंदांतच खाल्ला जातो. तेव्हा बाहेरच्या गटाने चाचणीचा कॉल लावण्याआधी घरातल्या थोरल्या बाईला विचारून घ्यावे की कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कोणत्या वेळी बंद करायचा. तिचे उत्तर नमुन्याच्या कागदावर सर्वांत वर लिहितात.