धडधड कुणाची, नाव कुणाचं

२०२३च्या जुलैमध्ये सिॲटल क्रॅकन या अमेरिकेतल्या आइस हॉकी संघाला आपले काही टिकटॉक व्हिडिओ काढून टाकावे लागले. हॉकीपटू नायक असलेल्या प्रेमकथांचा वाचकवर्ग मोठा आहे, तो आपल्याकडे वळावा म्हणून संघाने ते हौसेने टाकले होते. पण प्रतिक्रिया कादंबरीतल्या नायकावरून घसरत खऱ्या खेळाडूंच्या शरीरावर आल्या आणि एका खेळाडूच्या पत्नीने त्याला जाहीर हरकत घेतली. असं काही झालं की ‘या वाचकांना गोष्ट आणि वास्तव यांतला फरक कळत नाही’ हे वाक्य ठरलेलंच. मला ते आळशी वाटतं.

फरक कळतो. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या संशोधकांनी १९५६ सालीच टीव्हीवरच्या निवेदकांशी प्रेक्षकांची जमणारी एकतर्फी जवळीक वर्णन करून तिला ‘पॅरासोशल’ नाव दिलं. खेळाडू अशा जवळिकीला फार सोयीचा. त्याची दुखापत, त्याचा राग, हरल्यावरचा चेहरा, सगळं जवळून दिसतं. फक्त घराचं दार बंद असतं. त्या दारामागचं कादंबरी लिहिते. पण हे तर गायकालाही लागू आहे. मग मैदानच का?

कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, सुमारे १४० मीटर लांब आणि खाली ७० मीटरवर नदी. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी तिथे एका तरुणीला उभं केलं. तो प्रयोग १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुलावरून जाणाऱ्या पुरुषांना ती एक चित्र दाखवून त्यावर छोटी गोष्ट लिहायला सांगे आणि ‘आणखी काही विचारायचं असेल तर’ म्हणून फोन नंबर देई. नंबर घेणाऱ्या १८ जणांपैकी ९ जणांनी फोन केला. नदीच्या वरच्या अंगाच्या बुटक्या, भक्कम पुलावर हाच प्रकार केला तेव्हा १६ पैकी फक्त दोघांनी. आणि हलत्या पुलावर लिहिलेल्या गोष्टींमध्ये शृंगारही जास्त होता! हृदय उडत होतं पुलामुळे, श्रेय गेलं तरुणीला. धीट माणसंच अशा पुलावर जात असतील, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्यांनी पुढे तोच पूल ओलांडून थोडा वेळ विसावलेल्यांशीही तुलना केली. विसावलेल्यांचे फोन कमी आले.

आता माझा आवडता भाग, थोडा धीर धरा. भीती वाटली किंवा धावपळ झाली की मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडते. हृदयाच्या पेशीवरच्या बीटा-१ ग्राहीवर (म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर) ते बसलं की आतलं जी-प्रथिन सुटतं, ते ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला (एन्झाइमला) जागं करतं, त्यातून सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू तयार होतो, तो प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणाऱ्या प्रोटीन कायनेजला कामाला लावतो आणि कॅल्शियमच्या वाटा मोकळ्या होतात. ठोके वाढतात. हे सगळं चटकन चढतं, पण उतरताना प्रत्येक पायरी वेगळी निस्तरावी लागते. सायक्लिक एएमपी तोडायला एक विकर, प्रथिनांवर चिकटवलेले फॉस्फेट काढायला दुसरं, रक्तातलं ॲड्रेनलिन निकामी करायला आणखी वेगळी. ते निम्म्यावर यायलाच दोन-तीन मिनिटं जातात. लक्ष मात्र क्षणात दुसरीकडे वळतं. म्हणजे मन पुढे निघून जातं आणि शरीर मागेच रेंगाळतं.

जोआन कँटर, डॉल्फ झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट या संशोधकांनी १९७५ मध्ये नेमकी ही फट पकडली. लोकांना व्यायामाची सायकल मारायला लावून शृंगारिक चित्रपटाचे तुकडे दाखवले. सायकलवरून उतरल्या-उतरल्या विशेष फरक नाही. धडधड सायकलची आहे हे ठाऊक असतं. पूर्ण शांत झाल्यावरही नाही. मधल्या वेळेत, शरीर तापलेलं पण ‘मी आता ठीक आहे’ असं वाटत असताना, चित्रपट सर्वांत जास्त भावला.

(‘डोपामाइन वाढवा’ म्हणणारे सल्ले आणि ‘फेरोमोन’ची अत्तरं विकणाऱ्यांना ही मधली मिनिटं बाटलीत भरता आलेली नाहीत. माणसाचं फेरोमोन, म्हणजे दुसऱ्याला नकळत ओढणारं शरीरातलं रसायन, तर अजून निर्विवादपणे सापडलेलंही नाही. अत्तर छान असेल तर जरूर लावा.)

शिल्लक धडधड प्रेमच जागवते असंही नाही. १९८१च्या एका प्रयोगात पुरुषांना जागच्या जागी धावायला लावलं, तेव्हा आकर्षक स्त्री त्यांना अधिक आवडली आणि अनाकर्षक दाखवलेली अधिकच नावडली. उत्तेजना दिशा देत नाही, आवाज मोठा करते. नायक-नायिकेचं आधी कडाक्याचं भांडण आणि मग प्रेम, हा या कादंबऱ्यांचा लाडका साचा मला म्हणूनच नुसता साचा वाटत नाही. एकच इंधन आधी रागाला, मग ओढीला पुरवलं जातं. हा माझा तर्क आहे, आणि पान वाचून वाढणारी धडधड झुलत्या पुलाइतकी नसते हेही खरं.

पण लेखिकेच्या हातात एक गोष्ट आहे, जी स्टेडियममध्ये कुणाच्याच हातात नसते: घड्याळ. खरा सामना संपल्यावर खेळाडू आंघोळ करतो, पत्रकारांना तीच ती उत्तरं देतो, बसमध्ये बसतो. तोवर प्रेक्षकाच्या रक्तातलं ॲड्रेनलिन कधीच विरलेलं असतं. कादंबरीत शेवटच्या सेकंदाचा गोल होतो आणि दोन परिच्छेदांनंतर तो ओल्या केसांनी मोकळ्या कॉरिडॉरमध्ये उभा असतो.