बाटलीतल्या लशीत दम आहे का, हे उंदरावर कळतं

मेच्या शेवटी आमच्या पलूसकडं जनावरांच्या घटसर्प आणि फऱ्या ह्या दोन रोगांवरची लस टोचायला डॉक्टर आले तेव्हा शेजारचे तात्या म्हशीचं दावं धरून म्हणाले, "डॉक्टर, ह्यात औषध हाय का नुसतं पाणी, कळायचं कसं?" प्रश्न अगदी रास्त आहे. घटसर्पात जनावर सकाळी वैरण सोडतं, गळा सुजतो, घरघर लागते आणि बऱ्याचदा दुसरा दिवस उजाडत नाही, मग लस फुसकी होती हे तेव्हा कळून काय उपयोग?

म्हणून लशीची बॅच बाहेर पडायच्या आधीच तपासतात, पांढऱ्या उंदरांवर. घटसर्पाचा पाश्चुरेला जंतू अगदी मोजका टोचला तरी उंदीर मरतो, म्हणून उंदीरच घेतात. काही उंदरांना लस देतात, 14 दिवसांनी परत देतात, 21व्या दिवशी जिवंत जंतू टोचतात, आणि बिनलशीच्या उंदरांनाही तेच जंतू. फक्त डोस सगळ्यांना सारखा नसतो, प्रत्येक गटाला आधीच्यापेक्षा दहापट पातळ. निम्मे उंदीर मरायला किती जंतू लागले ते दोन्हीकडं काढायचं, आणि लसवाल्यांना निदान 10,000 पट जास्त लागले तर लस पास.

फऱ्याच्या लशीला गिनीपिग लागतात. लस दिलेले जगले पाहिजेत हे तर झालंच, पण बिनलशीचे मेलेही पाहिजेत, ते जगले तर जंतूच कमजोर होता म्हणून अख्खी टेस्ट रद्द. हे वाचताना पोटात कालवतं, खरंच. त्यामुळं रक्तातल्या अँटीबॉडी मोजून काम भागवायचे प्रयत्न चाललेत ते मला फार मोलाचे वाटतात.

आणि उंदीर सगळं सांगत नाही. म्हशीत ताकद किती महिने टिकेल ते म्हशीवरच बघावं लागतं: तुरटी मिसळून केलेली लस साधारण 4 ते 6 महिने, तेल मिसळून केलेली 9 ते 12.

तात्यांना डॉक्टरांनी थर्माकोलचा डबा उघडून बर्फ दाखवला. पास झालेली बाटलीसुद्धा 2 ते 8 डिग्रीतच ठेवायची, डिक्कीत तापली नाहीतर फ्रीजरमध्ये गोठली तर उंदरांवर लागलेला निकाल त्या बाटलीला लागू राहत नाही. डॉक्टरांनी बाटली नीट हलवली, सुई भरली, तात्यांनी दावं आवळून धरलं.