स्पार्क प्लग : जास्त चाललेल्या मोटारींतील तपासणी व बदल

स्पार्क प्लग हा पेट्रोल, सीएनजी आणि एलपीजी इंजिनांत हवा-इंधनाचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवणारा भाग. डिझेल इंजिनात तो नसतो. तिथला ग्लो प्लग फक्त तापतो आणि थंड इंजिन सुरू व्हायला मदत करतो. उच्च विद्युतदाबाच्या मॅग्नेटोवर (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या छोट्या जनित्रावर) चालणारा प्लग बॉश कंपनीतील गोटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये सिद्ध केला. मधोमध एक इलेक्ट्रोड, त्याभोवती सिरॅमिकचे आवरण, बाहेर आटे पाडलेले लोखंडी कवच आणि कवचाला जोडलेला वाकडा दुसरा इलेक्ट्रोड, ही घडण आजही तीच आहे. दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत मात्र हा भाग नुसता बदलून टाकू नये. जुना प्लग आधी नीट पाहावा, कारण इंजिन न उघडता आतले कळायला त्याच्याइतके स्वस्त साधन नाही.

झीज आणि मुदत

प्रत्येक ठिणगीबरोबर इलेक्ट्रोडचा अतिसूक्ष्म अंश उडतो. कडा बोथट होतात आणि दोन इलेक्ट्रोडमधली फट रुंदावते. धारदार कडेवरून ठिणगी सहज उडते, बोथट कडेवरून तिला जास्त विद्युतदाब लागतो. हा ताण तो दाब पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर येतो, म्हणून प्लगचा खर्च लांबवणाऱ्या मालकाला पुढे कॉइलचे पैसे मोजावे लागतात. साधे निकेलचे प्लग ३० ते ४० हजार किमी टिकतात, प्लॅटिनम किंवा इरिडियमचे ८० हजार ते १ लाख.

हे आकडे चालत्या गाडीचे आहेत. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर असतो. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर अशा देवदर्शनाच्या फेऱ्या करणाऱ्या भाड्याच्या गाड्या तेव्हा वाहनतळावर एसी लावून तासन्‌तास उभ्या राहतात. इंजिन चालू असते, पण मीटर पुढे सरकत नाही. अशा गाडीची तपासणी पुस्तकातल्या मुदतीच्या बरीच आधी करावी.

लक्षणे

गाडी ‘मिसिंग’ करते (सिलिंडरमधले मिश्रण मधूनच पेटत नाही), चढावर ओढत नाही, उभ्या उभ्या थरथरते, पेट्रोल जास्त पिते. स्कॅनरवर पी०३०० हा कोड अनेक सिलिंडरांचे मिसिंग दाखवतो, पी०३०१ ते पी०३०४ हे त्या त्या क्रमांकाच्या सिलिंडरचे. इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्याची जाळी वितळते. त्यापुढे चार प्लगांची किंमत किरकोळ ठरते.

काढणे

इंजिन पूर्ण थंड हवे. प्लग ज्यात बसतो ते इंजिनचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि गरम असताना प्लग फिरवला तर हेडचे आटे ओरबाडले जातात. उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकावे. कॉइल किंवा वायर काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात हवा मारून धूळ उडवावी. कोरड्या रस्त्यांवरची काळ्या मातीची बारीक धूळ तिथे साचलेली असतेच, आणि प्लग निघताना ती सिलिंडरमध्ये पडली की भिंतीवर ओरखडे येतात. वायर असलेल्या गाडीत वायर ओढू नये, तिच्या टोकाचा रबरी बूट धरून थोडा फिरवत काढावा.

प्लगचा सॉकेट बहुधा १६ मिमीचा लागतो, काही गाड्यांत १४ मिमीचा आणि जुन्या मोठ्या प्लगांना २१ मिमीचा. पाव-अर्धा फेरा सैल होऊन प्लग अडला किंवा किरकिरला तर जोर लावू नये. गंज सोडवणारे तेल मुळाशी सोडून थांबावे, थोडा आवळावा, पुन्हा सोडावा, आणि असे मागेपुढे करत काढावा. निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवावेत. ढिगात टाकले की निम्मी माहिती गेली.

प्लग वाचणे

टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रणात इंधन जास्त, ठिणगी दुबळी, किंवा गाडी फक्त गावातल्या गावात फिरते. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एक-दोन किलोमीटरच्या खेपांत सिरॅमिकचे टोक काजळी जाळण्याइतके, म्हणजे ४५० अंशांपर्यंत तापतच नाही. एअर फिल्टर चोंदल्यानेही काजळी धरते, असे सर्रास सांगतात. कार्बोरेटरच्या काळात ते खरे होते. इंजेक्शनच्या गाडीत संगणक इंधन बेताने देतो, त्यामुळे आधी सेन्सर आणि गळका इंजेक्टर तपासावा.

टोकावर ओले काळे तेल असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजले आहेत. तेल फक्त वर, खड्ड्यात असेल तर दोष टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचा किंवा प्लगच्या नळीच्या सीलचा. हे दुसरे काम स्वस्तातले आहे, पण ते न करता प्लग बदलला तर तेल कॉइलचे नवे बूटही फुगवते. पांढरेफटक, फोड आलेले टोक म्हणजे इंधन कमी पडते आहे, इंजिन तापते आहे किंवा प्लग चुकीच्या उष्णता-श्रेणीचा आहे. श्रेणीच्या आकड्यांत एक गोम आहे: एनजीके कंपनीच्या प्लगांत आकडा वाढला की प्लग ‘थंड’ (उष्णता लवकर सोडणारा) होतो, बॉशमध्ये ‘गरम’.

सिरॅमिकवर कवचाच्या लगत दिसणारे तपकिरी वलय निरुपद्रवी असते. उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरूनच पळते आहे. अशा वेळी प्लगबरोबर बूटही बदलावे. चारांपैकी एकच प्लग वेगळा दिसत असेल तर दोष त्या सिलिंडरचा समजावा, इंधनाचा नव्हे.

प्लग बाहेर असतानाच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब, मोजून घ्यावे. पुन्हा एवढी उघडझाप कोण करतो? बहुतेक पेट्रोल इंजिनांत ते १० ते १३ बार भरते. एका सिलिंडरमध्ये कमी भरले तर चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. वाढले तर रिंगा गेल्या, तेवढेच राहिले तर व्हॉल्व्ह पाहावेत.

बसवणे

नव्या प्लगची फटही फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) मोजावी. ती गाडीनुसार साधारण ०.७ ते १.१ मिमी असते. कमी-जास्त करायची तर बाहेरचा इलेक्ट्रोडच वाकवावा. इरिडियमच्या सुईसारख्या टोकाला पाना, तारेचा ब्रश किंवा वाळूचे मशीन लावू नये. साधे प्लग वाळूने स्वच्छ करण्याची रीतही सोडलेली बरी, कारण अडकलेले कण इंजिनात जातात.

प्लगच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा खोचून पहिले चार-पाच आटे त्या नळीनेच फिरवावेत. आटे आडवे बसू लागले तर नळी घसरते, पाना मात्र घसरत नाही. मग टॉर्क पान्याने आवळावे : १४ मिमी आट्यांना २५–३०, १२ मिमीला १५–२०, १० मिमीला १०–१२ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर वॉशरचा नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेऱ्यावर थांबावे, वापरलेल्याला सुमारे १/१२ फेरा पुरतो. निमुळत्या बैठकीच्या, बिनवॉशर प्लगलाही १/१६ फेरा बस होतो. मुलामा असलेल्या प्लगच्या आट्यांना ग्रीस लावू नये; घर्षण घटते आणि त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. बूटाच्या आत मात्र थोडे सिलिकॉन ग्रीस चालते.

सीएनजी गाड्या

गॅसचे मिश्रण पेटवायला जास्त विद्युतदाब लागतो, त्यामुळे पेट्रोलवर खपून गेलेला थकलेला प्लग गॅसवर उघडा पडतो. नंतर किट बसवलेल्या गाडीत फट सहसा ०.७ ते ०.८ मिमी ठेवतात. कंपनीच्या सीएनजी गाडीत पुस्तकातला आकडाच पाळावा. गॅसवर खूप चाललेल्या जुन्या इंजिनात व्हॉल्व्हच्या बैठकी खचतात, टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हला पूर्ण मिटू देणारी, फट संपते आणि मिसिंग सुरू होते. अशा वेळी प्लगचे संच बदलत राहून उपयोग नसतो, टॅपेट जुळवावे लागतात.

बदलानंतरही मिसिंग

संशयित सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावावी. कोडचा आकडा तिच्याबरोबर सरकला तर कॉइल खराब, नाहीतर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. दसऱ्याला गाडी प्रेशरने धुतल्यावर दुसऱ्या दिवशी सुरू झालेल्या मिसिंगचे कारण बहुधा खड्ड्यातले पाणी असते. कॉइल काढून हवा मारली की भागते. हेडचे आटेच गेले असतील तर हेलिकॉइल (नव्या आट्यांचे तारेचे वेटोळे) बसवून घेता येते. त्यासाठी आटे पाडणारा टॅप ग्रीसने माखून थोडा थोडा फिरवावा, म्हणजे किस त्याला चिकटून बाहेर येतो. तरी काम झाल्यावर सिलिंडर व्हॅक्यूमने साफ करावा.