छातीत धस्स आधी, भीती नंतर?

रात्री घाटात वळणावर समोरून अचानक ट्रक येतो. ब्रेक दाबला जातो, गाडी कडेला थांबते, आणि मग हातपाय कापू लागतात. आपण घाबरलो होतो, हे त्यानंतर कळतं.

१८८४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी हाच क्रम खरा मानला. अस्वल पाहून आपण घाबरतो आणि म्हणून पळतो, ही समजूत उलटी. शरीरात जी उलथापालथ होते तिची जाणीव म्हणजेच भीती. डेन्मार्कचे डॉक्टर कार्ल लांगे यांनीही पुढच्याच वर्षी स्वतंत्रपणे जवळपास हेच मांडलं. ‘पोटात गोळा येणं’, ‘तळपायाची आग मस्तकात जाणं’ असे वाक्प्रचार रोज वापरणाऱ्या आपल्याला ते पटकन पटावं.

पण अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांना पटलं नाही. छाती रागानेही धडधडते, भीतीनेही आणि तापानेही. मग शरीर नेमकी कोणती भावना सांगतं? १९२७ मधला हा आक्षेप आजही बिनतोड वाटतो.

त्यावरचा तोडगा मानसशास्त्रज्ञ स्टॅनली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी १९६२ मध्ये सुचवला: धडधड शरीराची, तिला नाव देतं डोकं. प्रयोग मोठा खट्याळ होता. दृष्टीवर परिणाम करणारं जीवनसत्त्व म्हणून विद्यार्थ्यांना अॅड्रेनालिन, म्हणजे छाती धडधडवणारं संप्रेरक, टोचलं. काहींना धडधडेल याची कल्पना दिली, काहींना नाही. मग शेजारी संशोधकांचाच माणूस बसवला. कुठे तो कागदी विमानं उडवत हुंदडायचा, कुठे प्रश्नावलीवर भडकायचा. भडकावं अशीच होती ती! तुमच्या आईचे वडिलांखेरीज किती पुरुषांशी संबंध होते, असा प्रश्न, आणि उत्तराचा सर्वांत लहान पर्याय ‘चार किंवा कमी’.

धडधडीचं कारण माहीत नसलेल्यांना शेजाऱ्याची लागण जास्त झाली. मात्र तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेला गट त्यांच्यापासून फारसा वेगळा निघाला नाही. पाठ्यपुस्तकं हे सांगायला बऱ्याचदा विसरतात. १९७९ मध्ये अशाच धर्तीवर झालेल्या दोन प्रयोगांत तर शेजारी कितीही आनंदी असला, तरी कारण न कळलेली धडधड लोकांना नकोशीच वाटली. आपणही ‘उगाचच धाकधूक होतेय’ म्हणतो, तेव्हा शेजारी कोण हसतंय ते कुठे बघतो?