फुलदाणीतील आयुष्य : कापलेली फुले व शोभेची पाने

कापलेले फूल किंवा शोभेच्या पानांची डहाळी पाण्यात ठेवल्यापासून तिची रया जाईपर्यंतचा काळ म्हणजे फुलदाणीतील आयुष्य. फूल कापल्यावरही जिवंत असते. त्याचे श्वसन चालू राहते, पाकळ्या-पानांवाटे पाणी उडत राहते. मात्र झाडाकडून येणारे पाणी आणि साखर दोन्ही बंद होतात.

फूल अकाली माना टाकते ते बहुधा पाण्यावाचून, आणि तेही फुलदाणी भरलेली असताना. कापताना दांड्याच्या जलवाहिन्यांत हवा शिरते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत जिवाणूंचा बुळबुळीत थर त्यांची तोंडे बुजवतो. गुलाबात हे स्पष्ट दिसते : पाकळ्यांचा रंग ताजा, पण कळीखालची मान वाकलेली. दांड्याचे टोक पाण्याखाली धरून दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा कापले, तर अशी मान पुष्कळदा सावरते. पाण्यात बुडणारी पाने काढणे, फुलदाणी घासून धुणे आणि पाणी बदलत राहणे हे उपाय साधे असले तरी सर्वांत मोलाचे आहेत. जरबेराचा दांडा पोकळ व लवदार असल्याने लवकर कुजतो, म्हणून त्याला थोडेच पाणी द्यावे.

नुसती चमचाभर साखर घालण्याचा घरगुती उपाय उलटतो, कारण ती आधी जिवाणूंना मिळते. साखरेबरोबर जंतुनाशक आणि सायट्रिक आम्ल हवे. आम्लाने पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप) साडेतीनच्या आसपास आला की जिवाणूंची वाढ मंदावते आणि दांडा पाणी चांगले ओढतो. तयार पुड्यांत हेच तीन घटक असतात.

तिसरा शत्रू म्हणजे फुलाला अकाली कोमेजवणारा इथिलीन वायू. पिकलेली केळी, आंबे यांतून तो सुटतो, म्हणून फळांच्या टोपलीशेजारी फुलदाणी ठेवू नये. कार्नेशन त्याला फार लवकर बळी पडते. जरबेराला त्याचा फारसा त्रास नाही. व्यापारात कार्नेशनला इथिलीनचा परिणाम रोखणारे सिल्व्हर थायोसल्फेट हे चांदीचे संयुग देतात, पण त्यातील चांदी सांडपाण्यात जाते, त्यामुळे ते घरी वापरण्याजोगे नाही. १-एमसीपी (१-मिथाइलसायक्लोप्रोपीन) हा वायू त्याला पर्याय म्हणून पुढे आला.

खरे तर बरेचसे आयुष्य शेतावरच ठरते. मावळातल्या पॉलीहाऊसमध्ये गुलाब उन्हाचा ताप नसताना कापतात, दांडे तत्काळ बादलीतल्या पाण्यात आणि तिथून २ ते ४ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात जातात. निर्यातीची कळी घट्ट असतानाच कापतात. जवळच्या बाजारासाठी ती थोडी उमलू देतात. ग्लॅडिओलसच्या काड्या उभ्याच ठेवाव्या लागतात, आडव्या ठेवल्यास शेंडे वर वळून काडी वाकडी होते. अँथुरियम व ऑर्किड ही उष्ण प्रदेशातली फुले मात्र गुलाबाच्या शीतगृहात काळवंडतात; त्यांना साधारण १३ अंशांच्या खाली नेऊ नये.

पानांचे गणित वेगळे आहे. अरेका पाम, शतावरी, ड्रॅसिना यांना उमलायचे नसते, त्यामुळे साखरेची गरज नाही. जास्त साखरेने पानांच्या कडा करपतात. त्यांना जपायचे ते सुकण्यापासून आणि पिवळे पडण्यापासून. ने-आण करताना ती ओलसर ठेवून प्लास्टिकमध्ये गुंडाळावीत, पंख्याच्या झोतात ठेवू नयेत. पिवळेपणा रोखण्यासाठी व्यापारात काही जातींना सायटोकायनिन हे संजीवक देतात. ड्रॅसिना साध्या पाण्यातही कित्येक आठवडे टिकते. तिच्या कांडीला पुष्कळदा मुळेही फुटतात आणि मग ती सरळ कुंडीत लावता येते.