भिंतीतली केबल आणि घरातलं वायफाय : पार्श्वभूमी

फायबरची डबी दाराजवळच्या कोपऱ्यात बसते. वायफाय तिथून निघतं आणि आतल्या बेडरूमच्या भिंतीशी अडतं. हे घरोघरचं झालं आहे. त्याच बेडरूममध्ये टीव्हीसाठी कधीकाळी आणलेली काळी नाहीतर पांढरी जाड वायर भिंतीतून बाहेर लोंबत असते आणि आता तिला काहीच जोडलेलं नसतं. त्यामुळे हल्ली बरेच जण विचारतात, की या वायरीतून नेट आत नेऊन तिच्या टोकाला दुसरा राउटर लावता येईल का? येतो. त्यासाठी लागणारी यंत्रं बाजारात येऊन जवळजवळ वीस वर्षं झाली. तरीही महाराष्ट्रातल्या घरांत हे फारसं झालं नाही. ते का, हे समजायला वायरीपेक्षा तिच्यावर काय काय वाहिलं आणि तिला काय काय म्हटलं गेलं, ते पाहावं लागतं.

मुळाशी फार रेंगाळायची गरज नाही. टीव्हीची ही जाड वायर कोॲक्सिअल जातीची, बोलण्यात कोॲक्स. तिचं पेटंट इंग्लंडमध्ये १८८० साली निघालं. १९४८ च्या सुमारास अमेरिकेतल्या डोंगराआडच्या गावांनी उंचावर एक सामाईक अँटेना उभारून तिथून घरोघरी वायर ओढली आणि केबल टीव्ही सुरू झाला. संगणकांचं जाळंही आधी याच जातीच्या वायरीवर उभं राहिलं. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेत इथरनेट, म्हणजे संगणक एकमेकांना वायरीने जोडायची पद्धत, जन्मलं ते कोॲक्सवरच. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत ज्यांनी नेटवर्क सांभाळलं, त्यांना टी आकाराचे जोड आणि वायरीची दोन टोकं बंद करायला लावायचे ५० ओहमचे टर्मिनेटर नक्की आठवतील. एक जोड ढिला झाला की अख्ख्या मजल्याचं काम थांबायचं. टीव्हीची वायर ७५ ओहमची असते. दोघी दिसायला बहिणी, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आपल्या घरांत ही वायर शिरली ती ऐंशीच्या दशकात, इमारतीतल्या एका व्हीसीआरवरून सगळ्या घरांना चित्रपट दाखवण्यासाठी. १९९१ च्या आखाती युद्धानंतर उपग्रह वाहिन्या आल्या, गच्च्यांवर मोठमोठ्या छत्र्या बसल्या आणि एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, झाडांवरून, दिव्याच्या खांबांवरून वायरी गेल्या. १९९५ चा केबल टीव्ही कायदा आला तेव्हा हे जाळं बऱ्यापैकी पसरलेलं होतं. त्या कायद्याखाली केबलवाल्याची नोंदणी व्हायची टपाल कचेरीत. या माणसाबद्दल तक्रारी पुष्कळ झाल्या, पण शहरातल्या घराघरात दूरसंचाराची दुसरी वायर कुणी पोचवली असेल तर ती त्यानेच, आणि याचं श्रेय त्याला पुरेसं मिळालेलं नाही.

त्याने बांधलेलं जाळं झाडासारखं होतं. एक खोड, त्याला फांद्या, प्रत्येक फांदीवर घराकडे सिग्नल काढून देणारा टॅप, वाटेत सिग्नल क्षीण झाला की बूस्टर. बूस्टरला वीज बहुतेक वेळा जवळच्या इमारतीतूनच मिळायची. या बूस्टरमधून सिग्नल एकाच दिशेने जायचा, नियंत्रण कक्षाकडून घराकडे. घराकडून परत काही पाठवायची सोय नव्हती, कारण टीव्हीला उत्तर द्यायचं नसतं. पुढचा बराचसा गुंता या एकाच गोष्टीतून निघाला.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्याने सर्वांत जास्त घोळ घातला : ‘केबल’.

१९९८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली झाली आणि दोन-तीन वर्षांत ‘केबल नेट’च्या पाट्या लागल्या. अमेरिकेत ‘केबलवरून इंटरनेट’ याचा अर्थ तोवर पक्का झाला होता. टीव्हीच्याच कोॲक्सवरून, केबल मॉडेम लावून येणारं नेट, असा तो अर्थ. त्याचं मानक, डॉक्सिस, १९९७ मध्ये ठरलं. त्यासाठी वायर दुतर्फा चालावी लागते. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात घराकडून परतीची वाट ठेवावी लागते आणि वाटेतला प्रत्येक बूस्टर दुतर्फा जाणारा हवा. आपल्याकडे काही मोठ्या कंपन्यांनी मुंबई-पुण्याच्या काही भागांत हे केलंही. बहुतेक केबलवाल्यांना मात्र सगळं जाळं उकरून बदलणं परवडणारं नव्हतं. त्यांनी सोपी वाट धरली आणि टीव्हीच्या वायरीशेजारून, त्याच गच्च्यांवरून, त्याच डक्टमधून दुसरी निळी-करडी वायर ओढली. ती कॅट-फाइव्ह, म्हणजे संगणकाची लॅन वायर. शंभर मीटरपलीकडे ती चालत नाही, म्हणून दर दोन-तीन इमारतींमागे गच्चीवरच्या पेटीत एक स्विच, म्हणजे नेटचा सिग्नल पुढच्या वायरींत पाठवणारं यंत्र. पावसाळ्यात वीज कडाडली की हे स्विच जळायचे आणि चार दिवस नेट जायचं.

म्हणजे माणूस केबलवाला, बिल केबलवाल्याचं, वाट केबलची, पण नेट येत होतं ते केबलमधून नाही. लोक याला ‘केबल नेट’च म्हणत राहिले आणि म्हणणं स्वाभाविक होतं. पुढे फायबर आलं तेही ‘फायबर केबल’ झालं. आज दुकानात ‘केबल द्या’ म्हटलं तर दुकानदाराला विचारावं लागतं, की टीव्हीची, लॅनची, डिशची की फायबरची? टीव्हीची आणि डिशची वायर एकाच जातीची, पण लॅनची आणि फायबरची वेगळी, त्यांची टोकं वेगळी, आणि चारहींवर चालणारी यंत्रं वेगळी. तरीही नाव एकच राहिल्याने एक समज घट्ट बसला, की टीव्हीच्या वायरीचा आणि नेटचा काही संबंध नसतो आणि नेटसाठी नवी वायरच लागते. मला वाटतं, भिंतीतली कोॲक्स निकामी ठरवली गेली ती या समजामुळे. वायरीने काही घोडं मारलं नव्हतं.

या घोळाची दुसरी बाजू परदेशातल्या नातेवाइकांकडून येते. न्यू जर्सीतला भाऊ सांगतो, ‘आमच्याकडे केबलवरूनच नेट आहे, तुम्हीही मॉडेम आणून लावा.’ तिथलं मॉडेम इथे आणून काही उपयोग नसतो, कारण मॉडेमला पलीकडे बोलणारं कुणीतरी लागतं आणि ते कंपनीच्या कचेरीत असतं. घरातल्या घरात दोन खोल्या जोडायच्या तर लागतं ते निराळंच यंत्र. दोन सारखे अडॅप्टर, एक राउटरपाशी आणि एक आतल्या खोलीत, आणि मधे तीच वायर. ही दोन्ही कामं ‘कोॲक्सवर नेट’ या एकाच नावाखाली येतात, आणि चुकीचं खोकं आणलं जातं.

आता त्या निर्णयाबद्दल, ज्यावर अजून वाद होऊ शकतो. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि केबल टीव्हीचं जाळं इंटरनेट कंपनीचं फ्रँचायझी म्हणून वापरता येईल, असंही लिहून दिलं. केबलवाल्याला नेटच्या व्यवहारात अधिकृत जागा मिळाली. पण त्याच्या वायरीला मिळाली नाही, कारण वायर दुतर्फा करायला कुणी भाग पाडलं नाही आणि कुणी पैसाही दिला नाही. त्यानंतर २०११ ची केबल टीव्ही कायद्यातली दुरुस्ती. सेट-टॉप बॉक्सशिवाय केबल दाखवायची नाही, हा तिचा गाभा. मुंबईत त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ ला आली. पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, सोलापूर या शहरांना ३१ मार्च २०१३ ची तारीख मिळाली. या बदलाच्या बाजूने जी कारणं मांडली गेली त्यांत घरोघरी ब्रॉडबँड हेही होतं. कायद्याने सक्ती मात्र केली ती डिजिटल आणि कूटबद्ध प्रसारणाची. परतीच्या वाटेबद्दल सक्ती नव्हती.

केबल जाळ्यांवर खूप पैसा एकदम खर्च झाला तो याच काळात. नियंत्रण कक्ष बदलले, बॉक्स बदलले, कित्येक ठिकाणी खोडातली वायर काढून फायबर टाकलं गेलं. त्याच वेळी बूस्टर दुतर्फा बसवणं सक्तीचं केलं असतं, तर घरातली कोॲक्स पुढची दहा वर्षं नेटची वायर म्हणून जगली असती. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं, की मुदती आधीच पुढे ढकलाव्या लागत होत्या, छोट्या केबलवाल्यावर आणखी बोजा टाकला असता तर तो बुडाला असता, आणि फायबर येणारच होतं. यात तथ्य आहे. पण फायबर आलं ते दारापर्यंत. दारापासून आत पुन्हा तोच प्रश्न उरला, आणि आत वायर होती ती टीव्हीचीच.

घरातल्या घरात कोॲक्सवर नेट नेण्याचं तंत्र तोवर अमेरिकेत रुळलं होतं. २००४ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन त्यासाठी मानक ठरवायला घेतलं. त्याला मोका म्हणतात. पहिली आवृत्ती २००६ ची. २०१० च्या दुसऱ्या आवृत्तीने वेग शेकडो मेगाबिटवर नेला, २०१६ च्या अडीचव्या आवृत्तीने अडीच गिगाबिटपर्यंत, आणि २०२१ ची तिसरी कागदावर दहा गिगाबिट सांगते. तिथे ते पसरलं त्याचं कारण साधं होतं. २००५ पासून फायबर देणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीला प्रत्येक घरात नवी वायर ओढायची नव्हती. तिने फायबर घराबाहेरच्या पेटीत संपवलं आणि पुढे राउटरपर्यंत जुन्या कोॲक्सवरच नेट नेलं.

मोकाची हुशारी जागेच्या निवडीत आहे. केबल टीव्ही साधारण ८६० किंवा १००० मेगाहर्ट्झला संपतो. मोका त्याच्या वर, ११२५ ते १६७५ या पट्ट्यात बोलतं. म्हणून एकाच वायरीत टीव्ही आणि नेट एकमेकांना धक्का न लावता राहतात.

आपल्याकडे गाडं अडतं ते इथेच. २००३ नंतर आलेल्या डीटीएचने शहरांत आणि त्याहून जास्त खेड्यांत केबलची जागा घेतली. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी उपग्रहाचा सिग्नल खाली आणतो तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये. म्हणजे मोकाचा अख्खा पट्टा डिशच्या पट्ट्यात बसतो. शिवाय त्याच वायरीतून सेट-टॉप बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा देत असतो. चालू डिशच्या वायरीला मोकाचं यंत्र जोडलं तर टीव्हीवर चौकोन पडतात किंवा चित्रच जातं. अमेरिकेतल्या एका डिश कंपनीने यासाठी मोकाची खालच्या पट्ट्यातली वेगळी जात वापरली. जी.एचएन नावाचं दुसरं आंतरराष्ट्रीय मानक साधारण २०० मेगाहर्ट्झच्या खाली काम करतं, ते डिशच्या वाटेत येत नाही, पण चालू केबल टीव्हीच्या वाटेत येतं. थोडक्यात, केबल चालू असेल तर मोका आणि डिश चालू असेल तर जी.एचएन. वायर दोन्हींतून मोकळी झाली असेल, तर कुठलंही चालतं, आणि आज अशा मोकळ्या वायरी घरोघरी आहेत.

वायफायच्या बाजूने पाहिलं तर २००५ च्या जानेवारीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला खुला झाला. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोठ्या प्रमाणावर २०१८ मध्ये मोकळा झाला. वेग त्या वरच्या पट्ट्यात आहे, पण नऊ इंची विटेची भिंत आणि सिमेंटचा स्लॅब त्यालाच जास्त अडवतात. जितकं वायफाय वेगवान झालं तितकी भिंतीआड पोचायला वायरीची गरज वाढली. बिनतारी मेश, म्हणजे खोल्याखोल्यांत ठेवून एकमेकांशी जोडलेली वायफायची यंत्रं, घेतल्याने खोलीत रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, पण आतलं यंत्र भिंतीपलीकडच्या यंत्राशी हवेतूनच बोलत असल्याने वेग वाटेतच निम्मा होतो. त्याच यंत्राला मागून कोॲक्स मिळाली की तो वेग परत येतो.

घरात हे करू पाहणाऱ्याला अडचण येते ती जोडांवर. केबलवाल्याने बसवलेले स्प्लिटर, म्हणजे एका वायरीच्या दोन-तीन करणारे जोड, बहुधा ५ ते १००० मेगाहर्ट्झचे असतात, त्यापलीकडचा सिग्नल ते धड जाऊ देत नाहीत. काही घरांत माळ्यावर बूस्टर विसरला गेलेला असतो, त्याच्यातून मोका उलट दिशेने जातच नाही. वायरीच्या टोकाला पिळून बसवलेले जुने एफ कनेक्टर दमट हवेत हिरवे पडतात. वायर स्वतः बहुधा ठीक असते. आरजी-६ या जातीच्या चांगल्या कोॲक्स वायरीत १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण २० डेसिबलची घट होते, म्हणजे वीस मीटरच्या फ्लॅटमध्ये चार-पाच. एका साध्या दोन-तोंडी स्प्लिटरमध्ये साडेतीन जातात. म्हणून मधला स्प्लिटर काढून दोन टोकं सरळ जोडणं, हा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा इलाज.

इमारतीची केबल अजून जोडलेली असेल तर घरात शिरते तिथे एक छोटा फिल्टर लावावा लागतो, नाहीतर आपलं नेट वायरीतून शेजाऱ्याच्या घरापर्यंत जातं. त्याला पीओई फिल्टर म्हणतात आणि इथे पुन्हा नावाचा घोळ आहे, कारण लॅन वायरीतून वीज देण्याच्या पद्धतीलाही पीओईच म्हणतात. दुकानात मागितलं तर बहुधा ते दुसरंच हातात येतं.

१९९५ ते २०१२ च्या दरम्यान बांधलेल्या इमारतींत ही वायर बहुधा प्लास्टरखालच्या पाइपातून गेलेली आहे. त्या काळातला वायरमन पाइप टाकताना फोनची आणि टीव्हीची वायर एकत्रच ओढायचा. आज तोच सल्ला देतो, की जुनी वायर ओढदोरीसारखी वापरून तिच्या मागे कॅट-सिक्स ही लॅन वायर आत ओढून घ्या. पाइप सरळ असेल तर हे उत्तम जमतं. पण वळणावर कोपर बसवलेला असेल, किंवा प्लास्टर करताना पाइपात सिमेंट गेलं असेल, तर ओढताना जुनी वायर आतच तुटते आणि मग हातात ना कोॲक्स राहते ना कॅट-सिक्स. ओढण्याआधी एकदा दोन्ही टोकांना नवे कनेक्टर बसवून अडॅप्टर लावून पाहावेत.