सोलापूरचा भुईकोट

सोलापूर शहराच्या मध्यभागी, सिद्धेश्वर तलावाच्या पश्चिम काठावर असलेला ऐतिहासिक किल्ला. बांधकाम बहमनी काळातले, चौदाव्या शतकातले. सध्या तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे.

सपाट जमिनीवर बांधलेल्या किल्ल्याला भुईकोट म्हणतात. रत्नागिरीच्या रत्नदुर्गाला डोंगराची उंची आहे आणि तीन बाजूंनी समुद्र आहे, त्यामुळे तिथे निम्मे संरक्षण निसर्गानेच करून ठेवले. सोलापूरच्या काळ्या रानात डोंगर नाही, समुद्र तर नाहीच. इथे हे काम पाण्यावर सोपवले. पूर्वेला तलाव आणि बाकी तीन बाजूंना १०० ते १५० फूट रुंदीचा खंदक. त्यामागे दुहेरी तट. आतला तट बाहेरच्यापेक्षा उंच, म्हणजे पुढच्या तटावरच्या माणसांच्या डोक्यावरून मागच्यांनाही मारा करता येई.

यातला तलाव किल्ल्याहून जुना आहे, हे पाहणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे. बाराव्या शतकात संत सिद्धरामेश्वरांनी तो खोदवून घेतला, अशी परंपरा आहे. अवर्षणाच्या मुलखात लोकांची तहान भागवणारे पाणी पुढे दोनशे वर्षांनी एका तटाचे रक्षण करू लागले. तटाच्या चिऱ्यांतही जुन्या देवळांचे कोरीव दगड जागोजाग दिसतात. चालताना घाई केली तर ते निसटतात.

दक्षिणेतल्या राजकारणात सोलापूर हा सततचा वादाचा मुलूख होता. १५२४ च्या सुमारास आदिलशाही राजकन्येचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला. तेव्हा सोलापूर आंदण द्यायचे ठरले, पण प्रत्यक्षात दिले नाही आणि त्यावरून लढाया पेटल्या. पुढे निजामशाहीची राजकन्या चांदबीबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा हाच किल्ला उलट दिशेने, निजामशाहीकडून आदिलशाहीकडे आंदण म्हणून गेला. १६६८ मध्ये तो मुघलांना मिळाला. विजापूरच्या मोहिमेसाठी औरंगजेबाची छावणी १६८५-८६ मध्ये सोलापुरात होती.

मे १८१८ मध्ये मन्रोच्या इंग्रज फौजेने आधी पेठ घेतली, मग किल्ल्यावर तोफा लावल्या. पेशव्यांच्या बाजूने गणपतराव पानसे लढले आणि जखमी झाले. १५ मे रोजी किल्ला पडला. खंदक आणि तट घोडदळाला अडवतात, जवळून डागलेल्या तोफांपुढे मात्र भुईकोटाला उंचीचा आधार नसतो. सोलापूरच्या पाडावाचे मर्म मला त्यातच दिसते.

आत जाताना एकामागून एक तीन दरवाजे लागतात. वाट मुद्दाम वळवलेली आहे, म्हणजे हत्तीला वा जमावाला सरळ धाव घेता येत नसे. आत बत्तीस खांबी वास्तू, बाळंतिणीची विहीर आणि जमिनीच्या पोटातून उघडे झालेले मल्लिकार्जुनाचे देऊळ आहे. या शेवटच्या जागी थोडा वेळ थांबावे. पायाखालची भुई किती थरांची आहे ते इथे कळते. दर्गोपाटील बुरुजाबद्दल, तो बांधताना सारखा खचत होता आणि पाटलाच्या घरातल्या माणसाचा बळी दिल्यावरच उभा राहिला, अशी कथा सांगतात.

किल्ल्याला लागूनच हुतात्मा बाग आहे. स्वातंत्र्यलढ्यात मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिले गेले. बागेचे नाव याच चौघांच्या स्मरणाशी जोडलेले आहे.

उन्हाळ्यात दुपारी तटावर फिरणे जिकिरीचे होते, दगड तापतो. हिवाळ्यातली सकाळ बरी. मकरसंक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, पाहायला आलेले पुष्कळ लोक इथेही डोकावतात. पूर्वेचा तट नीट पाहायचा असेल तर मात्र किल्ल्याबाहेर पडावे आणि सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूने पाण्यापलीकडून पाहावे.